दुपट्ट्याखालचा हात

बैलाचा भाव बाजारात कोणी तोंडाने बोलत नाही. दिग्रसच्या बैलबाजारात सकाळी जाऊन बघा. दोन माणसं समोरासमोर उभी असतात, दोघांच्या हातांवर एक पांढरा दुपट्टा टाकलेला असतो, आणि तोंडं अशी की घरात कोणाची मयत झाली आहे. सगळा व्यवहार खाली, बोटांनी. कोणतं बोट धरलं, किती पेरं दाबली, त्यावर भाव. सगळा बाजार भोवती उभा राहिला तरी भाव त्या दोन हातांनाच ठाऊक.

आमचे हे त्या बाजारातले दलाल. नाव रामसिंग. आमच्या बंजारा तांड्यात अजूनही बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण मी जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होते. बाळंतिणींना नवऱ्याचं नाव विचारून विचारून माझी भीड कधीच चेपली. शिवाय मी तशी फटकळ. जे डोळ्यांनी दिसतं आणि हाताला लागतं तेवढंच खरं मानणारी. तांड्यात कोणाच्या अंगात आलं तर लोक आधी मला तिथून घालवतात, मग देवीला नमस्कार करतात.

दुपट्ट्याचे नियम मात्र मला घरबसल्या पाठ झाले होते. हात खाली असले की तिसऱ्याने आपला हात घालायचा नाही. दुपट्टा उचलून बघायचा नाही. मध्येच हात काढला तर सौदा मोडला. भाव पटला की अख्खा पंजा धरून एकदा खाली हलवायचा. आणि बाजार सोडून दुसरीकडे कुठेही तो दुपट्टा हातावर पडू द्यायचा नाही. घरी आले की तो खुंटीवर. एकदा आमच्या पुतणसुनेने, शीलाने, जेवताना हात पुसायला नेमका तोच दिला, तर हे ताटावरून उठले. म्हणाले, "हातावर पडला म्हंजे बाजार मांडला, बाई." मी म्हटलं, "मंग आज वांग्याचा भाव करा." हसले नाहीत.

पण हाच माणूस लग्न झालं तेव्हा कसा होता म्हणून सांगू. एका खोलीचं घर, पलीकडे सासू निजलेली, तिला मुंगी चालली तरी ऐकू यायची. बोलायची सोयच नाही. मग गोधडीखाली बोटांनी बोलायचो. ती बाजाराची भाषा नव्हती, आमची आम्ही केलेली. करंगळीचं वरचं पेर दाबलं की "थोडं थांब, अजून वेळ आहे." चारही बोटं मुठीत धरली की "चल घरी." पुढे जत्रेत, लग्नाकार्यात माझ्या ओढणीआड हात घालून हे चार बोटं धरायचे आणि तोंडाने पाहुण्यांशी पावसापाण्याचं बोलायचे. मी लाजून मरायची आणि घरी जायची.

पोळ्याच्या आधीच्या बाजारात त्यांना झटका आला. सौदा चालू असतानाच. बाबुलाल, त्यांच्या जोडीचा दलाल, बाजूलाच उभा होता. तो सांगत होता, "भाबी, भाऊची बोटं ढिली पडली तं समोरच्याले वाटलं भाव पटला नाही. मंग मान कलली."

मेंदूत रक्त साचलं होतं. यवतमाळला नेलं, एका खाजगी दवाखान्यात. ऑपरेशन झालं, श्वासाची मशीन लागली, आणि हे झोपून राहिले. डोळ्यात टॉर्च मारा, छातीचं हाड चोळा, काही नाही. मी स्वतः चोळून पाहिलं. पेशंटला लावते तेवढाच जोर नवऱ्याच्या छातीवर लावला.

डॉक्टर अपेक्षा राऊत म्हणून बाई होत्या. वयाने माझ्या मुलीसारख्या, बोलायला सरळ. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतःही समोर बसल्या. तिथेच मला कळलं की बातमी चांगली नाही. उभ्याने सांगतात ती बातमी बरी असते.

"सिस्टर, तुमच्यापासून काय लपवू," त्या म्हणाल्या. "तोंडातली नळी आता फार दिवस ठेवता येणार नाही. एक तर गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी घालू. मग मशीन चालू राहील, महिनोन्महिने राहील. पण ते जागे होतील असं मला वाटत नाही. नाहीतर नळी काढायची, त्रास होऊ नये म्हणून औषध द्यायचं, आणि जे होईल ते होऊ द्यायचं. त्यांनी कधी काही बोलून ठेवलं होतं का?"

नव्हतं ठेवलं. बैलाच्या म्हातारपणावर तासभर बोलतील, स्वतःच्या नाही.

आमचा मुलगा राजकुमार पुण्याहून आला होता. तो आयसीयूच्या बाहेर भिंतीला टेकून उभा असायचा, बसायचाच नाही. "याडी, छिद्र पाडू दे," तो म्हणाला. "बा पैलवान गडी हाय. उठन."

"अन् नाही उठला तं?"

"तं नाही. पण आपण काढली असं नको व्हायला."

"आपण" म्हणाला, पण बघत होता माझ्याकडे. सगळेच माझ्याकडे बघत होते. नोकरीत मी कितीतरी बायांना हेच सांगितलं आहे, की माय, आता घरी ने, शांतपणे जाऊ दे. तेव्हा माझा आवाज कसा खणखणीत निघायचा. आता माझ्या नवऱ्याचा प्रश्न आला तर जीभ टाळ्याला चिकटली. मला तो जिवंत हवा होता. आणि असा नळ्यांत अडकून नको होता. या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि एकीने दुसरी खोटी होत नव्हती.

त्या दिवशी दुपारच्या भेटीला आत गेले तर एसीने खोली गारठली होती. त्यांचा उजवा हात उघडा, नखं निळसर. दवाखान्याची चादर पातळ. माझ्या पिशवीत त्यांचा दुपट्टा होता. बाजारातून आणताना अंगावर होता तो, धुवून, उन्हात वाळवून ठेवलेला. तिथल्या नर्सला विचारलं, ती म्हणाली स्वच्छ असेल तर टाका. मी दोन पदर केले आणि त्यांच्या हातावर टाकला.

टाकताना काही आठवलं नाही. नंतर आठवलं, पण तेव्हा हात हलू लागला होता.

फार नाही. दुपट्ट्याखाली दोन बोटं पुढे सरकली आणि थांबली. मग एक मागे गेलं. मी नर्सला बोलावलं, नर्सने डॉक्टरला. डॉक्टर अपेक्षाबाईंनी दुपट्टा बाजूला केला, नख दाबलं, सुई टोचली. हात मेल्यासारखा पडलेला. "रिफ्लेक्स असतो, सिस्टर. तुम्हाला माहितीये," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मला माहीत होतं. मीही नातेवाइकांना हेच सांगत आले.

त्या गेल्या. मी दुपट्टा पुन्हा टाकला. बघायचंच होतं मला.

बोटं हलली, थांबली. आणि ती थांबली की दुपट्ट्याची दुसरी बाजू, जिथे खाली नुसती गादी होती, ती थोडी वर यायची. मग खाली बसायची. मग पुन्हा यांची बोटं. मी एसीची हवा कुठून येते ते पाहिलं. ती माझ्या पाठीमागून, उलट बाजूने येत होती. मी पलंगाला अगदी खेटून उभी राहिले, हवा अडवली. कापड तरीही उचललं गेलं.

मी यांच्या बोटांना धरायला हात खाली घातला. त्यांनी पंजाच्या मागच्या बाजूने माझा हात बाहेर लोटला. जोर नव्हता, पण बाजारात तिसऱ्याचा हात लोटतात तसाच लोटला, आणि मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझा हात कधी सोडवून घेतला नव्हता.

बाहेर आले. राजकुमारला काही सांगितलं नाही. काय सांगू? तुझा बाप आत भाव करून राह्यला म्हणून? पायरीवर बसून ज्वारीची भाकर खाल्ली आणि स्वतःला झापलं. नंदाबाई, तुला नवरा जायला नको आहे म्हणून तुला हात दिसतात. उद्या डॉक्टरला उत्तर द्यायचं आहे, डोकं ठिकाणावर ठेव.

पण दुपट्टा घडी करताना त्याला वास आला. शिंगांना चोळतात त्या तेलाचा, आणि बाजारातल्या धुळीचा. आणि आतल्या बाजूला हिंगूळ लागलेलं. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात तो लाल रंग. मी तो दुपट्टा माझ्या हाताने धुतला होता, माझ्या धुण्यात डाग राहत नाही.

संध्याकाळी बाबुलाल डबा घेऊन आला. मी इकडचं तिकडचं बोलून त्याला विचारलं, "भिया, दलालाले सोताचा बैल इकाचा असला तं?"

"सोता नाही बोलत," तो म्हणाला. "दुसऱ्या दलालाच्या हातात हात देते. रामसिंगभाऊनं आपली जोडी इकली तवा दुपट्ट्याखाली हात माहा होता."

"काहून?"

"माया लागते नं, भाबी. आपल्या जनावराचा भाव आपण कराले गेलो का बोट सुटत नाही. समोरचा मांगत राह्यते, आपण नाही म्हणत राह्यतो. दिवस मावळला तरी सौदा पटतही नाही अन् मोडतही नाही. जनावर बिचारं उन्हात उभं." त्याने डब्याचं झाकण लावलं. "कायले विचारलं?"

"असंच."

असंच नव्हतं. मला तिथे, त्या पायरीवर, पहिल्यांदा कळलं की माझ्याकडून काय हवं आहे. डॉक्टरलाही तेच हवं होतं, पोरालाही तेच. ज्याचं आहे त्याला स्वतः बोलता येत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी हात घालायचा.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला मी आत गेले. बाहेर कडक ऊन होतं, खिडकीतून पलंगाच्या पायापर्यंत आलेलं. पलीकडच्या पेशंटजवळ नर्स सलाईन बदलत होती. मी दुपट्टा टाकला आणि यांच्या खांद्याशी, यांच्याच बाजूने बसले. तिसऱ्यासारखा आडवा हात घालायचा नाही, त्यांच्याच हाताच्या मागून जायचं, हे माझं मीच ठरवलं. त्यांच्या दंडावरून, मनगटावरून माझा हात त्यांच्या हातावर सरकत नेला.

या वेळी लोटलं नाही.

"द्या माह्यापाशी," मी त्यांच्या कानात म्हटलं. "मी बोलतो तुमच्यासाठी." आमच्याकडे बायाही असंच म्हणतात, बोलतो, जातो.

त्यांची बोटं सैल झाली. मी त्यांचा हात हळूच बाहेर काढला आणि त्यांच्या छातीवर ठेवला. माझा आत राहिला.

मशीनचा आवाज, नर्सच्या चपलांचा आवाज.

मग समोरून कोणीतरी माझं पहिलं बोट धरलं.

कोरडा हात. कासरा धरणाऱ्यांचा असतो तसा, घट्टे पडलेला. ना गरम ना थंड. ओढत नव्हता, दाबत नव्हता, नुसता धरून होता.

सवयीने माझी मोकळी बोटं त्याच्या मनगटावर गेली. नाडी शोधली. आधी वर, मग थोडी खाली, मग पुन्हा वर.

नाडी नव्हती.

मला ओरडायचं होतं. पण हात काढला तर सौदा मोडणार होता. मी हात काढला नाही.

त्याने माझं बोट दाबलं. मग दुसरं. काहीतरी विचारत होता. मला बाजाराची भाषा येत नाही. मला एकच भाषा येते, गोधडीखालची.

मी त्याची करंगळी चाचपून शोधली. वरचं पेर दाबलं. थोडं थांब.

तो थांबला.

मग मी त्याची चारही बोटं माझ्या मुठीत धरली, घट्ट, जत्रेत हे धरायचे तशी. चल घरी. याला घरी येऊ दे. एवढंच मागते. किती ते मी बोलत नाही.

हात तसाच राहिला. विचार करत असावा.

मग त्याने माझा अख्खा पंजा धरला आणि एकदा, एकदाच, खाली हलवला.

दुपट्टा गादीवर सपाट बसला.

माझ्या तळहाताला हिंगूळ लागलं होतं. बेसिनवर साबणाने धुतलं आणि तशीच ओल्या हाताने डॉक्टर अपेक्षाबाईंकडे गेले. राजकुमारलाही आत बोलावलं. माझा आवाज परत आला होता. "गळ्याला भोक पाडून मी त्यांना खुंटीला बांधून ठेवणार नाही," मी म्हटलं. "नळी काढा. त्रास होऊ देऊ नका. श्वास राहिला तर घरी नेईन. नाही राहिला तर मी जवळ आहे."

राजकुमार लहान पोरासारखा रडला. मी त्याला जवळ घेतलं. "तू नाही काढली, बेटा," मी म्हटलं. "मी काढली. मी त्याची बायको हाय, थो हक माहा हाय." मग मीही रडले. दोघं रडलो आणि मोकळे झालो.

नळी काढली तेव्हा मी त्यांचा हात धरून होते. डॉक्टर म्हणाल्या होत्या, काही मिनिटं, फार तर काही तास. एक श्वास आला. मग मोठी फट. इतकी मोठी की राजकुमारने डोळे मिटले. मग दुसरा आला. मग तिसरा, जरा लवकर. संध्याकाळ झाली, हे श्वास घेतच होते, घोरल्यासारखा आवाज करून. लग्नापासून मी ज्या घोरण्याला शिव्या घातल्या, ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

"कधी कधी होतं असं," डॉक्टर अपेक्षाबाई म्हणाल्या. पुन्हा टॉर्च मारली, पुन्हा पाहिलं. "पण फार आशा धरू नका, सिस्टर."

मी धरली. कोणाला विचारून धरतात का?

ॲम्ब्युलन्सने घरी निघालो. बोरी अरब गेलं, दारव्हा गेलं, दोन्ही बाजूंना कपाशीची पराटी हिरवीगार. दिग्रसच्या अलीकडे त्यांनी डोळे उघडले. काही पाहिलं असं नाही, पण उघडले. तांड्यावर आणून ओसरीत बाज टाकली. मी तोंडात चमच्याने पेज घातली, गिळायला शिकवलं. शीलाने इतकं केलं की पोटची पोर करणार नाही. डावी बाजू गेली ती गेली. पण मी कानात म्हटलं की "वांग्याचा भाव करता काय", तर तोंडाची उजवी कड वर जायची.

दिवाळीत पहिल्यांदा बोलले. मी ओसरीत त्यांच्या पायाला तेल लावत होते. जड जिभेने, पण स्पष्ट म्हणाले, "कितीत पटलं?"

"काय कितीत?"

ते माझ्या उजव्या हाताकडे बघत होते.

मी त्यांना त्यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. कोणालाच नव्हतं. "भाव नाही इचारला मी," मी म्हटलं. "घरी येऊ दे म्हटलं, बस."

ते अर्ध्या तोंडाने हसू लागले. हसता हसता खोकले. "नर्सबाई," ते म्हणाले, "बिनभावाचा सौदा केला तू. असा सौदा कोनी करते काय?"

"मंग आता?"

"आता काय. थो भाव मांगाले येईन तवर आपलं." आणि लाडूकडे बोट केलं. मी अर्धा लाडू चुरून दिला.

आता माघ चालू आहे. ते काठी धरून अंगणात दहा-वीस पावलं टाकतात, बाबुलाल आला की त्याला बाजाराच्या चुका सांगतात. राजकुमारला मुलगा झाल्याची बातमी पुण्याहून आली तेव्हा फोनवर रडले आणि वर म्हणाले, सर्दी झाली. मी सुखात आहे. हे मी तोंडाने म्हणते, दृष्ट लागायची असेल तर लागो.

फक्त एक आहे. थंडी मरणाची, तरी आम्ही दोघं हात पांघरुणाच्या बाहेर ठेवूनच निजतो. एकमेकांना कधी सांगितलं नाही. दोघेही ठेवतो.

परवा दुपारी जेवण करून आम्ही ओसरीत आडवे झालो. वारा सुटला होता. शीला पोरगी गुणाची, तिने येऊन माझ्या अंगावर गळ्यापर्यंत गोधडी ओढली. मला जाग आली तेव्हा ऊन ओसरीत आलं होतं. शेजारच्या बाजेवर हे घोरत होते, दोन्ही हात छातीवर, उघडे.

गोधडीखाली कोणीतरी माझी करंगळी धरली होती. कोरडा हात. वरचं पेर एकदा हलकेच दाबलं.

मीच शिकवलं होतं त्याला. मी हात काढला नाही.